आधी तुम्ही तपासून घ्या

९ फेब्रुवारी

बाईंस,

मागच्या महिन्यात एका दुपारी मी तुमच्या खोलीवर आलो होतो, त्यासंबंधी हे पत्र आहे. फोन केला असता, पण घरी सासूबाईंचे कान भिंतीला असतात, आणि कारखान्यात तुमची दुपारची पाळी सुरू होते तेव्हा माझी सकाळची संपलेली असते. काच फुंकायचं आपलं टेबल एकच, बर्नर एकच, खणही एकच. म्हणून हे बुचांच्या डब्याखाली ठेवतो आहे. वाचून फाडून टाकावं.

मुद्द्याचं आधी लिहितो. तुम्ही रक्त तपासून घ्यावं अशी विनंती आहे. एचआयव्हीसाठी.

कारण असं. परवा चहाच्या वेळी लेथवाला तुमच्या यजमानांचा विषय काढून बसला. म्हणाला, "ड्रायव्हर माणूस, महिना महिना बाहेर. शेवटी नुसता सांगाडा उरला होता. अशा माणसाला दुसरं काय होणार, सांगा ना." बाकीचे हसले. मी हसलो नाही. माझा चहा तसाच राहिला.

त्या दिवशी माझा खालचा ओठ पोळलेला होता हे तुम्हाला आठवत असेल. मोठ्या नगासाठी मालकांनी तुम्हाला सकाळीच बोलावलं होतं, मी नग फिरवत होतो, तुम्ही फुंकत होता, आणि नग काढताना तापलेलं काचेचं नळकांडं माझ्या तोंडाला लागलं. मलम तुमच्या खोलीवर होतं म्हणून मी तिथवर आलो. मलम लावण्यापूर्वी जे झालं त्याला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि तसले शब्द लिहिण्याची मला सवयही नाही. एवढंच लिहितो की तोंड माझं होतं आणि ओठ फुटलेला होता. बाकी तुम्ही समजून घ्याल.

मीच जाऊन का तपासून घेत नाही, असं तुमच्या मनात येईल. विचार केला. बायको जाऊन माझं वर्षही झालेलं नाही. तीन वर्षं तिच्या मूत्रपिंडाच्या आजारात मी त्याच दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या. तिथला शिपाईसुद्धा मला ओळखतो, वाट सोडून उभा राहतो. त्या माणसासमोर मी कोणत्या खोलीकडे वळायचं? तुमचं तसं नाही. तुम्ही एकट्या, यजमान ड्रायव्हर होते, तुम्ही गेलात तर शहाणपणाचंच दिसेल. तुमच्यात काही नाही निघालं तर माझ्यात असण्याचा प्रश्नच येत नाही. दोघांनी खेटे घालण्यापेक्षा एकाने जाणं बरं.

त्या दुपारी मी रडलो, ते तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत. त्याबद्दल आभारी आहे.

उत्तर इथेच ठेवावं. घरी पाठवू नये.


१८ फेब्रुवारी

बाईंस,

पत्र डब्याखालून गेलेलं आहे, म्हणजे तुम्हाला मिळालं. उत्तर नाही.

तुमची काही अडचण असेल. माझी सांगतो. मला झोप नाही. घसा दुखतो. रोज सकाळी दाढीच्या आरशात जीभ बाहेर काढून बघतो. मानेला दोन्हीकडे गाठी लागतात. त्या पूर्वीही असतील, पण पूर्वी मी कधी चाचपल्या नव्हत्या. मोबाइलवर वाचतो. एक म्हणतो, तोंडाने झालेल्या संबंधातून धोका नगण्य. दुसरा म्हणतो, नगण्य आहे पण शून्य म्हणता येत नाही, तोंडात जखम असेल तर विशेष. मी दुसऱ्याचं वाचतो आणि पहिल्याकडे परत जातो. आपल्याला काचेत सवय लागलेली आहे, केसाएवढी चीर असली तरी नग बाद. तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

घरात मी माझा कप वेगळा केला. सासूबाईंच्या ते दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं.

"हा कप कोणाचा?"

"माझा."

"मग इतकी वर्षं कोणाच्या कपातून पीत होता?"

"घसा खराब आहे. तुम्हाला लागायला नको."

"माझी मुलगी आजारी होती तेव्हा तिच्या ताटातलं उरलेलं खायचात तुम्ही. मी बघितलंय. आणि आता मला घशाची भीती घालताय होय?" मग थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून, मला ऐकू येईल अशा बेताने, "जावई असावा तर असा. म्हातारीची एवढी काळजी पोटचा मुलगा करणार नाही." शेजारणीला सांगत होत्या. शेजारीण म्हणाली, "दुसरं लग्न करायलाही तयार नाहीत म्हणे." सासूबाई म्हणाल्या, "नाव काढू देत नाहीत."

मी नाव काढू देत नाही हे खरं आहे.

एक गोष्ट तुमच्या कानावर येण्याआधी माझ्याकडून कळावी. मी मुकादमांकडे फुंकायची नळी वेगळी मागितली आहे. एका टेबलाला एक रबरी नळी, तिचं टोक सकाळी माझ्या दातांत, दुपारी तुमच्या, मध्ये साबणाच्या पाण्यात एक बुचकळी, हे इतकी वर्षं चाललं आणि कोणाचं काही बिघडलं नाही, मला मान्य आहे. तरी मागितली. मुकादम म्हणाले, "आजच कुठून सोवळं सुचलं?" मी म्हणालो, तब्येतीसाठी. ते म्हणाले, "कोणाच्या?"

मी म्हणालो, "दुपारच्या बाईंना विचारा."

याहून एक अक्षर जास्त बोललेलो नाही. तुमच्या तब्येतीविषयी काही बोललो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

तपासणीचं मनावर घ्यावं.


४ मार्च

बाईंस,

तुमची चिठ्ठी मिळाली. ती मी पुन्हा पुन्हा वाचली. चार ओळींत वाचण्यासारखं काय असणार, तरी वाचली.

तुमचे यजमान साखरेच्या आजाराने गेले हे मला माहीत नव्हतं. त्यात माणूस इतका वाळतो याचीही कल्पना नव्हती. "विचारलं असतंत तर सांगितलं असतं," असं तुम्ही लिहिता. बरोबर आहे. पण असं तोंडावर विचारायचं कसं?

तुमच्या नळीला लाल पट्टी बांधण्याची कल्पना माझी नाही. ती मुकादमांची. आता तुमची नळी वेगळ्या खिळ्याला टांगतात, तीही माझी कल्पना नाही. तुमच्या हातचा नग लेथवाला चिमट्याने उचलतो, हे मी स्वतः पाहिलेलं नाही, ऐकलं. तो म्हणे सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, राग मानू नका, घरी लहान मुलं आहेत." आणि तुम्ही म्हणालात, "मग मुलांना माझे नग चाटायला देऊ नका." यावर सगळे हसले, असं मुकादम सांगत होते. म्हणजे वातावरण अगदीच वाईट नसावं.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही लिहिता, "तुमच्या सांगण्यावरून नाही, माझ्यासाठी जाऊन तपासून आले. निकाल हातात आहे. तुम्हाला सांगणार नाही. तुमचं तुम्ही बघा."

हे बरं नव्हे. काही नसेल तर एक शब्द लिहायला काय जातं? आणि असेल तर मला सांगणं तुमचं कर्तव्य आहे. म्हणजे न सांगण्याला कारण एकच उरतं, आणि ते कारण काय हे मी सबंध रविवार पलंगावर बसून ठरवू शकलो नाही. सासूबाईंना वाटलं मी बायकोच्या आठवणीने बसलो आहे. माझ्यासमोर ताट ठेवून त्या निघून गेल्या.

आठवण नव्हती असं नाही. तीही होती. पण खरं सांगायचं तर तीन वर्षं जिच्या रक्ताचे कागद मी फायलीत लावले, तिच्यापेक्षा तुमच्या एका कागदाचा विचार मी जास्त केला.

तुम्ही मला जाणूनबुजून छळता आहात. माझी परिस्थिती माहीत असून.


२५ मार्च

बाईंस,

हे पत्र टपालाने पाठवतो आहे, कारण खण आता माझ्या एकट्याचा आहे. तुम्हाला फुटक्या काचेच्या कोठारात निवड करायला बसवलं, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही काम सोडलंत. तुमच्यासारख्या कारागिराला काचेचे तुकडे निवडायला लावणं योग्य नव्हतं. हे मी मालकांना सांगणार होतो. तेवढ्यात तुम्ही गेलातच.

काल आपण कोपऱ्यावरच्या दुकानापाशी भेटलो, त्याविषयी. तुम्ही फार मोठ्याने बोललात. दुकानदार वजन करता करता थांबला होता.

"काय हो, ओठ बरा झाला?" असं कोणी रस्त्यात विचारतं का? मी हळू आवाजात म्हणालो होतो की एक शब्द सांगा, हो की नाही.

"कसलं हो? कसलं नाही?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला पुष्कळ माहीत आहे. तुम्हाला कशाकशाची भीती वाटते तेही माहीत आहे. सगळं इथेच सांगू, का वेगळं लिहून देऊ?"

मी तुमच्या हाताला धरलं नाही. पिशवीला धरलं. तुम्ही ती सोडवून घेतलीत आणि मग मात्र नीट बोललात. ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मुकादमासमोर तुम्ही एक वाक्य बोललात. त्याच जागी उभं राहून दुसरं बोला. सगळे असताना. की बाईंविषयी जे पसरलं ते माझ्यामुळे, आणि ते खोटं आहे. दुसऱ्या कारखान्यात गेले होते, तिथवर तुमचं वाक्य माझ्याआधी पोचलंय. ते परत घ्या. मग निकाल सांगते."

बाई, ते खोटं आहे की खरं हेच तर मला कळत नाही. निकाल न कळता मी "खोटं आहे" असं कसं सांगू? आधी निकाल सांगा, मग मी बोलतो. हे मी तिथेच म्हणालो. तेव्हा तुम्ही माझ्याकडे जे बघितलंत तसं माझ्याकडे आयुष्यात कोणी बघितलेलं नाही. बायकोनेसुद्धा नाही, आणि तिला शेवटी शेवटी माझा फार राग यायचा.

दुसरं असं की, माझ्यामुळे पसरलं म्हटल्यावर लोक विचारणार, तुम्हाला काय ठाऊक, तुमचा काय संबंध. मग मी काय सांगायचं? सासूबाईंना कुठे तोंड दाखवायचं? तुमचं नाव एकदा गेलंच आहे. माझं अजून आहे. दोन्ही घालवण्यात शहाणपण कोणतं?

मी तपासायला जावं की नाही यावर विचार चालू आहे. परगावच्या केंद्राचा पत्ता काढला आहे.


१६ एप्रिल

बाईंस,

जाऊन आलो.

दोन बस बदलून गेलो. सासूबाईंना चष्म्याचा नंबर काढायला जातो म्हणून सांगितलं. केंद्र म्हणजे एका इमारतीच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या. मी मान खाली घालून बसलो होतो. शेजारी एक नवरा-बायको सुट्टीत कुठे जायचं यावर वाद घालत होते. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. त्याचंही मला जरा वाईट वाटलं.

आत एक मुलगी होती, माझ्या भाचीच्या वयाची. तिने काय काय विचारलं ते लिहीत नाही. मी अडखळलो की ती स्वतःच वाक्य पूर्ण करायची, अगदी गॅसचा नंबर लावल्यासारखी. मी ओठाचं सांगितलं. ती म्हणाली, "काका, तोंडाच्या संबंधातून हे होण्याची शक्यता फार फार कमी असते. तुम्ही आलात ते चांगलं केलंत, पण इतके दिवस स्वतःला जाळत बसायला नको होतं."

मग मी नळीचं विचारलं. तिला काच कशी फुंकतात ते सांगावं लागलं.

"म्हणजे दोघं एकच नळी तोंडात धरता?"

"हो."

"त्याने काहीच होत नाही. थुंकीने हा आजार पसरत नाही. कप, ताट, नळी, कशानेच नाही. कोणाला असला तरी नाही." आणि मग हसून, "कोणी नळी वेगळी केली की काय तुमची?"

मी म्हणालो, "माझी नाही."

बोटाला टोचलं. बाहेर बसवलं. त्या वेळात मी काय काय कबूल केलं आणि कोणाकोणाला वचनं दिली हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसाल. मग तिने बोलावलं. काही नाही. निगेटिव्ह. पुढच्या महिन्यात एकदा येऊन जा, म्हणजे शंकेला जागा राहणार नाही, असं म्हणाली.

बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. कित्येक दिवसांनी मला भूक लागली. घरी जाऊन सासूबाईंच्या कपातून चहा घेतला. माझा वेगळा कप त्यांनी मागे फळीवर सरकवून दिला.

आता तुमच्याविषयी. मी तुम्हाला शब्द देतो. मालकांकडे एका प्रयोगशाळेकडून गुंडाळी असलेल्या लांब शीतकाची मागणी आली आहे. आत काचेचं वेटोळं, बाहेर काचेचा नळ, दोन्हीकडे सांधे. ते आपल्या दोघांशिवाय इथे कोणाच्याने होत नाही हे मालकांनाही माहीत आहे. मुकादम आढेवेढे घेत होते, पण मालक म्हणाले, "एका दिवसासाठी बोलवा, ती काय मशीन खाऊन टाकणार आहे?" तुम्हाला निरोप येईल. तुम्ही या. त्या दिवशी सगळे समोर असतील. मी बोलेन. निकाल आधी सांगण्याची अट मी मागे घेतो. मला आता तुमच्या निकालाची गरज उरलेली नाही.


२२ मे

बाईंस,

तुम्ही आलात, आणि गेलात. त्यानंतर पत्र लिहायला उशीर झाला. कामाचा रेटा होता.

त्या दिवशी मी बोलणार होतो. सकाळी घरून निघताना वाक्य तयार होतं. तुम्ही आलात तेव्हा सगळे एकदम कामात वाकले, तेव्हाही ते तयार होतं. तुम्ही एप्रन बांधला, खिळ्यावरची लाल पट्टीची नळी स्वतः काढून आणलीत आणि टेबलाला जोडलीत. माझी वेगळी नळी तुम्ही बघितलीत. म्हणालात, "चला, बर्नर लावा."

मी ठरवलं, नग झाल्यावर बोलू. आधी बोलून नग बिघडायला नको.

काम चांगलं चाललं होतं. वरचा सांधा झाला. खालच्या सांध्याशी तुम्ही वाकून दोन हातांनी चिमटा आणि कांडी धरायची वेळ आली, तुम्हाला माझ्या बाजूला यावं लागलं आणि मला तुमच्या. तिथे वाकल्यावर नळी तुमच्या तोंडाशी पुरत नाही, फुंक मला द्यावी लागणार हे दोघांनाही ठाऊक होतं. नगाला नळी एकच जोडलेली असते. तुम्ही दातांतली नळी काढलीत आणि माझ्यासमोर धरलीत. काच लाल होती. लेथ बंद झालं होतं. मुकादम उभे होते. मालक केबिनच्या दारात होते.

मला केंद्रातल्या मुलीचं सगळं पाठ होतं. माझा कागद माझ्या खिशात होता. त्या क्षणी मला एक वाक्यसुद्धा बोलायची गरज नव्हती, नुसतं तोंड उघडायचं होतं.

मी नळी घेतली आणि बाहीला पुसली. पुन्हा एकदा पुसली. मग तोंडात धरली.

तुम्ही चिमटा हलू दिला नाहीत. काच ओघळायच्या आत मी फुंक दिली. नग उत्तम झाला. काचेतला ताण बघायच्या यंत्राखाली मुकादमांनी तो फिरवून फिरवून पाहिला, कुठे डाग नाही. मालक म्हणाले, असं काम दुसरीकडे मिळणार नाही. तुम्ही हात धुतलेत, एप्रनची घडी केलीत. मागे लेथवाला कोणाला तरी सांगत होता, "बघितलंस ना? त्याला माहीत असणार. उगाच पुसतो का माणूस?" तुम्ही ते ऐकलंत. मीही ऐकलं. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, थेट दाराकडे गेलात.

मी का पुसली, याचा मी विचार केलेला आहे. उत्तर सापडलेलं नाही. हात आपोआप गेला. इतक्या लोकांसमोर पुसली नसती तर त्यांनी त्याचा काय अर्थ काढला असता, हे त्या वेळी मनात होतं की नंतर आलं, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "बाईंना परत घ्यावं म्हणतो. हात सोन्याचा आहे. बाकीच्यांचं मी बघून घेईन. पण टेबल तुमचं, तुम्हाला चालणार असेल तरच." तुम्हाला हे माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो. मी म्हणालो, त्यांना वेगळं टेबल देणार असाल तर माझी काही हरकत नाही.

वेगळं टेबल ठेवायला जागा नाही, हे मालकांना माहीत आहे. मलाही होतं. पेन्सिल खाली ठेवत ते म्हणाले, "ठीक आहे."

तुमच्या जागी एक नवीन माणूस आला आहे. फुंक ठीक आहे, हात जड. त्याला मी शिकवतो आहे. आम्ही एकच नळी वापरतो.

परवा दुसऱ्यांदा तपासून आलो. याही वेळी काही निघालं नाही, आता कायमचं मिटलं असं ती मुलगी म्हणाली. तुम्ही काळजीत असाल म्हणून कळवलं.